न वाटलेला फराळ



संयोजकांनी मला ‘घरचे संस्कार’ या विषयावर पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. आमच्या घरचे संस्कार चुलीपाशी झाले, म्हणून मी चुलीबद्दलच बोलणार आहे. शेवटी तुम्हां सगळ्यांसमोर एक कबुलीही द्यायची आहे.

गावातल्या सहा-सात ख्रिस्ती घरांपैकी आमचं एक. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१मध्ये सुरू झालं. आमचं घराणं माझ्या पणजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालं. पण त्यामुळे ताटातलं काही बदललं नाही. बाजरीची भाकरी, पिठलं, हुलग्याचे शेंगोळे, आणि जमलंच तर रविवारी उपासनेहून आल्यावर कोंबडीचा रस्सा. वर्गात एकीनं मला विचारलं होतं, “तुम्ही घरी रोज केक खाता का गं?” केक मी पहिल्यांदा खाल्ला तो बारावीनंतर, पुण्यात.

दिवेलागणीला दादा बायबल वाचायचे, मग आम्ही सगळे मिळून रेव्हरंड टिळकांचं एखादं गीत म्हणायचो. टिळकांनी ख्रिस्ताची गाणी अभंग-ओवीच्या वळणानं लिहिली. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, यांच्याकडे भजन चाललंय. ते खरंही होतं. प्रभूच्या प्रार्थनेत मराठीत आपण रोजची भाकर मागतो. कितीतरी वर्षं माझी समजूत होती, की ती प्रार्थना आईच्या तव्यावरच्या भाकरीबद्दलच आहे.

भाकरीसाठी पीठ काढलं की आई त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. १९७२च्या दुष्काळात घरात लाल मिलोच्या भाकरी होत होत्या, तेव्हाही तिनं मूठ थांबवली नाही, असं आजी सांगायची. मी एकदा विचारलं, “देव कुठं जेवतो?” आई म्हणाली, “देव जेवत नाही, त्याच्या नावानं दारात येणारे जेवतात.” कापणीच्या सणाला मंडळीतले लोक शेतातलं पहिलं पीक, अंडी, कोंबड्या देवळात आणायचे, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा. एका वर्षी आम्ही दिलेली कोंबडी दादांनीच जास्त बोली लावून परत आणली. आई आठवडाभर हसत होती.

नाताळचा फराळ म्हणजे दिवाळीचाच फराळ, दीड-दोन महिने उशिरा. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या. करंजीचं कातणंही शेजारच्या काकूंचंच. दिवाळीत त्यांच्याकडून आमच्याकडे ताट यायचं, नाताळात आमच्याकडून त्यांच्याकडे जायचं. पण सगळी घरं काकूंसारखी नव्हती. काही ठिकाणी आमच्या हातचं शिजलेलं चालत नसे. आईला ती घरं पाठ होती. तिथं ती गूळ-खोबरं आणि डाळ पाठवायची, आणि तेही मनापासून. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुढे वाचली, तेव्हा कळलं की नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या माउलीनंही काही काळ आपलं सोवळं वेगळंच सांभाळलं होतं. जे एका घरात नवरा-बायकोला सहज साधलं नाही, ते गावाला एका दिवसात कसं साधावं? आईनं ‘स्मृतिचित्रे’ वाचली नव्हती. तिला ते तसंच समजत होतं. मला समजत नव्हतं.

आता कबुली. पाचवीत डबा खाताना एका मैत्रिणीनं मला सांगितलं, “आई म्हणाली, तुझ्याकडचं खायचं नाही.” ती लहान होती, मीही लहान होते. दुसऱ्या दिवशी ती विसरून माझ्याशी लंगडी खेळली. मी विसरले नाही.

दहावीच्या वर्षी आईच्या मनात आलं, की पोरीचं शाळेतलं शेवटचं वर्ष, वर्गाला नाताळचा फराळ द्यावा. चोवीस तारखेच्या रात्री कॅरल म्हणणारी पोरं ढोलकी घेऊन दारावरून गेली, तरी ती करंज्या तळत बसली होती. चाळीस करंज्या मोजून पितळी डब्यात भरल्या. सव्वीस तारखेला मी तो डबा शाळेत आणला आणि दप्तरामागे ठेवला. मधल्या सुट्टीत बाईंनी विचारलं, “काय गं, नाताळचं काही आणलं नाहीस?” मी म्हणाले, “नाही बाई.”

बाई, आज तुम्ही समोर बसल्या आहात. तेव्हा मी खोटं बोलले.

घरी जाताना कारखान्याच्या वाटेवर ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. तिथल्या पोरांना मी सगळ्या करंज्या वाटून टाकल्या. कोण, कुठली, असं काहीही न विचारता त्यांनी त्या खाल्ल्या. आईला रिकामा डबा दिला आणि सांगितलं, “सगळ्यांना आवडल्या.” त्यानंतर दर नाताळात कढई चढवली की ती म्हणायची, “तुझ्या वर्गाला माझ्या करंज्या आवडल्या होत्या.” तीन वर्षांपूर्वी ती गेली. खरं सांगायचं राहूनच गेलं.

इतकी वर्षं मी मनात धरून होते, की तुम्ही त्या खाल्ल्या नसत्या. पण तुम्हांला मी विचारलंच कुठं? तुम्ही नाही म्हणायच्या आधी मीच तुमच्या वतीनं नाही म्हणून टाकलं. पाचवीतलं एक वाक्य मी चाळीस जणांवर लादलं. कुणी नाही म्हणालं असतं, तर आईसारखं हसून गूळ-खोबरं पुढे करता आलं असतं. तिच्याकडे तेवढी श्रद्धा होती. माझ्याकडे नुसता अभिमान होता.

मागच्या टेबलावर तोच पितळी डबा ठेवला आहे. करंज्या मी स्वतः केल्या आहेत. आईसारखी मुरड मला जमत नाही, काही तळताना फुटल्या आहेत. मोजून आणलेल्या नाहीत, भरपूर आहेत. डायबेटिसवाल्यांनी अर्धी घ्यावी. कुणाचा उपवास असेल किंवा कुणाला नको असेल, त्यांनी मोकळेपणानं नाही म्हणावं. मला वाईट वाटणार नाही. पण या वेळी मी विचारते आहे.

पहिली करंजी बाईंना.