तुकड्या पाडताना जरा थांबा

वेळ मोजका आहे, म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. जूनमध्ये मुलांच्या जोड्या मोडू नका.

चौथीपर्यंत एका बाकावर बसलेल्या दोन मुली. मधल्या सुट्टीत एकीची शेंगदाण्याची चटणी दुसरीच्या पोळीवर. पाचवीत मार्क बघून एक 'अ' तुकडीत जाते, दुसरी 'क'मध्ये. घरी विचारतात, "गणिताला कोण आहे?" डबा कुणाबरोबर खाल्लास, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

मैत्रीचं विरजणासारखं आहे. दुधात विरजण घातलं की भांडं हलवायचं नसतं. थंडीत आपण त्याला फडकंसुद्धा गुंडाळतो. आणि मुलांचं भांडं? दरवर्षी नवी तुकडी, मध्येच नवी शाळा. मग आठवीत म्हणायचं, पोरगं घुमं झालंय!

अहो, आठवीत आवाज फुटतो, मुरुमं येतात, पाळी सुरू झालेली असते. घरी सांगता येत नाही असं बरंच साठतं. लहानपणापासूनच्या मित्रापुढे रुबाब करावा लागत नाही. त्याने तुमचं शेंबडं नाक पाहिलेलं असतं. शिवाय कट्टी-बट्टी करत रुसणं, मनवणं, माघार घेणं हे सगळं शिकून झालेलं असतं. पुढे तेच उपयोगी पडतं.

हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचं पुस्तक 1953 साली, त्याच्या पश्चात, आलं. वयात येण्याआधीच्या जिवलग मैत्रीला त्याने फार मोठं स्थान दिलं. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या संशोधकांनी पाचवी-सहावीच्या मुलांची लाळ तपासली. वाईट प्रसंगी जिवलग जवळ असेल, तर ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, तितकं वाढत नव्हतं. हा अभ्यास 2011चा. म्हणजे जोडी मोडू नका हे म्हातारीचं खूळ नव्हे!

बदलीची नोकरी असते, मान्य. बीडकडची ऊसतोडणीची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात, त्यांच्या मुलांचं तर निम्मं वर्ष... त्यावर वेगळं बोलायला हवं. इथे घड्याळाकडे बोट दाखवताहेत.

मुख्याध्यापकांनो, पुन्हा सांगते, यादी करताना प्रत्येकाला निदान एक ओळखीचं माणूस सोबत द्या. आणि आयांनो, गाव सुटलंच तर मैत्रिणीच्या घरचा नंबर घेऊन ठेवा. आठवड्यातून एकदा पोरींना बोलू द्या, आणि त्या बोलत असताना दाराआड उभ्या राहू नका.