यंत्रयुग आणि आपला विणकर समाज
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत.

गिरणीने आपला माग मोडला, असे एका वाक्यात आपला इतिहास सांगण्याची प्रथा पडली आहे. ते वाक्य खोटे नाही; पण ते अपुरे आहे, आणि अपुऱ्या इतिहासावरून पुढची वाट ठरविणे धोक्याचे असते.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापिली. १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. पुढे १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल आणि सोलापुरास तेथील पहिली गिरणी उभी राहिली. परंतु यंत्राचा पहिला घाव मागावर नव्हे, चरख्यावर पडला. आधी विलायतेचे आणि मागाहून इकडच्या गिरण्यांचे सूत स्वस्त मिळू लागले, तेव्हा घरोघरी सूत कातणाऱ्या स्त्रियांची मिळकत गेली. हातमाग मात्र त्याच गिरणीच्या सुतावर पुढे कित्येक वर्षे तगला. कातणाऱ्या त्या स्त्रिया अनेक जातींच्या होत्या. म्हणूनच की काय, त्यांचे दुःख आपण आपल्या कहाणीत कधी घेतले नाही.

घरातल्या स्त्रीचे तरी श्रम आपण कोठे मोजले? आमची आजी दिवसभर रहाटावर कांड्या भरीत असे. माग आजोबांचा म्हणत, कापड आजोबांचे म्हणत, आणि व्यापाऱ्याकडून येणारी मजुरीही आजोबांचीच म्हणत.

ज्यांचे माग बंद पडले त्यांतील अनेकांनी गिरणीची वाट धरली. तेथील जिणे सुखाचे नव्हते. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी केली. म्हणजे सात वर्षे पुरी झालेल्या मुलास दिवसाचे नऊ तास राबविणे कायदेशीर होते! रविवारची सुटी १८९० साली मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित करून सतत मागणी केली तेव्हा.

आता एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात मजुरी अधिक मिळे. कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांस त्या खात्यात प्रवेश नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय उघडपणे मांडला. लोखंडी साच्याला जात ठाऊक नव्हती. ती तेथे माणसांनी नेली, आणि विणकामाच्या अभिमानात वाढलेल्या आपल्यासारख्यांनी ती मुकाट्याने चालू दिली.

यंत्र कोणापाशीच कायम थांबत नाही. इचलकरंजीस १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही, आणि कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे अधिकच वळले. आज त्याच गावांत धोट्यावाचून चालणारे माग आले आहेत, आणि जुने यंत्रमाग भंगारात जात आहेत. आजोबांनी जे पाहिले तेच नातू पाहत आहे.

तरीही आम्ही निराश नाही. जन्माबरोबर धंदा ठरावा, ही सक्ती या उलथापालथीनेच सैल केली. विणकराचा मुलगा आज डॉक्टर होतो. ज्या बदलाने आपणांस बेघर केले, त्यानेच आपणांस दारही उघडून दिले. प्रश्न इतकाच, की त्या दारातून आपण कोणाकोणास आत घेणार?

म्हणून मंडळापुढे आमच्या दोन नम्र सूचना आहेत. समाजाच्या शिष्यवृत्ती निधीतील निम्मी रक्कम मुलींच्या तांत्रिक शिक्षणासाठी राखून ठेवावी. आजीच्या कांड्यांचे ते देणे आहे. आणि आपल्या वसतिगृहातील काही जागा जात न विचारता कोणाही श्रमिकाच्या मुलास द्याव्यात. या दुसऱ्या सूचनेने काही वडीलधाऱ्या मंडळींस वाईट वाटेल, हे आम्ही जाणतो. पण साचेखात्याचे दार एकदा आपण बंद राहू दिले. आता जे दार आपल्या हाती आहे, ते तरी बंद ठेवू नये.