पाणबुडीतली बॅटरी, घरातली बॅटरी

लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी आपल्या मावळात सगळ्यांना ठाऊक आहे. १९४५ पासून तिथे नौदलाचं अभियांत्रिकी शिक्षण चालतं. जहाजावर आग लागली, विषारी वायू पसरला, तर काय करायचं, तेही तिथे शिकवतात. आपल्यापैकी कितीजणींची मुलं-मुली सैन्यात आहेत, म्हणून आज बॅटरीबद्दल बोलूया.

डिझेलवर चालणारी पाणबुडी पाण्याखाली गेली की बॅटरीवर चालते. आपल्या इन्व्हर्टरमध्ये असते तीच जात, शिसं आणि आम्लाची. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. शंभर भाग हवेत चार भाग हायड्रोजन साठला, तर एक ठिणगी पुरते. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला सिंधुरक्षक पाणबुडीच्या बॅटरी कप्प्यात स्फोट होऊन एक नौसैनिक गेला. हायड्रोजन गळल्याचं कारण तेव्हा सांगण्यात आलं.

आता लिथियम बॅटरी आली आहे. ती हलकी, पण ताकदीची. जपानने २०२० मध्ये अशी पाणबुडी नौदलात घेतली. ड्रोन आणि वायरलेस संचातही हीच असते. हिच्यातला एक सेल तापला की शेजारचाही तापतो. विझलेली आग पुन्हा पेटू शकते. धूर तर फुफ्फुसं होरपळवतो. पाणबुडीत तर खिडकी उघडायची सोयच नाही. म्हणून नवी बॅटरी देण्याआधी तिची कसून तपासणी आणि जवानांना शिक्षण हवंच. हे विचारणं म्हणजे देशाविरुद्ध बोलणं नव्हे, ती आईची काळजी आहे.

घरी मात्र तपासणारं कुणी नाही, तिथे आपणच जवान! इन्व्हर्टर हवेशीर जागी ठेवा, त्याच्याजवळ दिवा-उदबत्ती नको. ई-स्कूटर रात्री दारात, जाण्यायेण्याच्या वाटेवर चार्जिंगला लावू नका. फुगलेला मोबाइल वापरू नका. लिथियमची आग भडकली तर सामान वाचवत बसू नका, पोरांना घेऊन बाहेर पडा आणि ११२ ला फोन करा.

जुनी बॅटरी अंगणात फोडू नका. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमचं नुकसान करते. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि आपल्या गावच्या जुन्या बॅटऱ्या कुठे जातात ते ग्रामसभेत विचारा.