गुळव्याही आपलाच



मार्च २०२०. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला कोरोनाचे रुग्ण एकामागून एक सापडत होते. त्याच महिन्यात शेजारच्या सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या एका गुहेत, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची मंडळी वटवाघळांचे नमुने गोळा करत होती. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. कित्येक वटवाघळांच्या रक्तात निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं होती आणि दोघांच्या घशात खुद्द निपाहचा अंश. महाराष्ट्रातल्या वटवाघळांत तो पहिल्यांदाच दिसला.

या निपाहजवळ जनुकं किती? अवघी सहा. आपल्याकडे प्रथिनं घडवणारी जनुकं वीस हजारांच्या घरात. मग सहांवर त्याचं भागतं कसं? कराडकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर कुणी नुसती चिठ्ठी घेऊन यावं, आणि ऊस, घाणा, चुलाण, काहील, इतकंच काय गुळव्याही आपलाच लावून ढेपा मात्र स्वतःच्या काढून न्याव्यात, तसं हे आहे.

आत शिरायचं दारही आपलंच. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आणि मेंदूतल्या चेतापेशींवर एफ्रिन-बी२ नावाचं प्रथिन असतं. गर्भात रक्तवाहिन्या आणि चेतातंतू कोणत्या वाटेनं वाढतील, हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो. निपाह नेमका त्यालाच धरतो, म्हणून त्याचा घाव मेंदूवर बसतो. पुढे, नव्या विषाणूंच्या अंगावरचं एक प्रथिन ठरावीक जागी तोडलं गेलं नाही, तर त्यांना दुसऱ्या पेशीत शिरता येत नाही. ते तोडणारा कोयता म्हणजे कॅथेप्सिन, आपल्याच पेशीतलं विकर. इस्लामपूरच्या त्या कोरोनानंही आत शिरायला आपलंच दार वापरलं. त्यानं धरलं ते रक्तदाब सांभाळायला मदत करणारं एसीई-२.

मला सगळ्यात अवघड वाटतं ते इथेच. दार कायमचं बंद करावं, तर त्या दारातून आपलाही व्यवहार चालतो. गुळव्याला हाकलून गुऱ्हाळ कसं चालेल? आणि गुहेत धूर करून वटवाघळं मारणं, हा तर उपायच नव्हे. फळं खाणारी ही वटवाघळं रानभर बिया पेरत फिरतात. त्यांनी उष्टावलेलं फळ आपण तोंडात घालू नये, एवढं आपल्या हाती आहे.

संशोधकांनी वाट काढली ती वेगळीच. एम१०२.४ नावाचं एक प्रतिपिंड आहे. ऑस्ट्रेलियात निरोगी माणसांवर त्याची पहिल्या टप्प्याची चाचणी झाली आहे. ते एफ्रिनला धक्का लावत नाही. दाराकडे येणारा विषाणूचा हात तेवढा धरून ठेवतं.