पाणी आपल्या आधी पंढरीला पोचतं

(शताब्दी सोहळ्याच्या समारोपाला दिंडीच्या पाणीसेवा मंडळींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावर थोर महाराज मंडळी बसली आहेत. त्यांच्यापुढं आम्ही काय बोलावं? आम्ही कीर्तनकार नाही, टाळकरीसुद्धा धड नाही. दिंडीच्या गाडीवर बसून पुढच्या मुक्कामाला आधी जायचं, पिंपं धुवायची, पाणी भरायचं, ते स्वयंपाकाला नि प्यायला पुरवायचं, एवढीच आमची सेवा. शंभर वर्षांच्या सोहळ्यात विश्वस्तांनी आम्हाला "पाण्यावर दोन शब्द बोला" म्हणून सांगितलं, ते बोलतो. चुकलं तर पदरात घ्या.

आपल्या दिंडीचं वय आणि भंडारदऱ्याच्या धरणाचं वय साधारण एकच. धरण १९२६ साली पुरं झालं, त्याच सुमाराला आपली मंडळी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पायी निघाली. तेव्हाचे वारकरी नदीच्या वाळूत हातानं झिरा काढायचे, पाणी निवळलं की ओंजळीनं प्यायचे. पुढं विहिरी आल्या, मग हापसे आले, मग टँकर. आता निम्मी मंडळी बाटलीतलं पाणी पितात. शंभर वर्षांत आपण झिऱ्यापासून बाटलीपर्यंत आलो. पण या प्रवासात पाण्याचं काय झालं, हे आपण कधी विचारलं नाही. आम्हीही नव्हतं विचारलं. आमची एक चूक झाली, तेव्हा विचारायला लागलो. ती चूक आधी सांगतो.

काही वर्षांमागं आम्ही भंगारातून दोन निळी पिंपं स्वस्तात घेतली. वरचं लेबल खरडून काढलेलं होतं. सोडा, साबण, गरम पाणी, सगळं लावून चार वेळा घासली. वास गेला. मिरजगावच्या पुढच्या मुक्कामाला भरून ठेवली. दुपारी ऊन चढलं आणि झाकण उघडलं, तर वास परत आलेला. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या आपल्या एका वयोवृद्ध माउलींनी ओंजळ नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "लेकरांनो, हे पाणी कुणाला पाजू नका." त्यांचं ऐकलं म्हणून वाचलो. त्या दिवशी कुणाला काही झालं नाही, विठ्ठलाची कृपा.

पण माउली, खरी चूक त्याच्या पुढची आहे. ते पाणी आम्ही ओतलं कुठं? शेजारच्या ओढ्यात! खालच्या अंगाला म्हशी पाणी पीत होत्या. आपल्या माणसांना नको म्हणून फेकलेलं पाणी आम्ही दुसऱ्याच्या जनावरांना पाजलं. पिंपात पूर्वी काय होतं ते आजही आम्हाला सांगता येणार नाही. ती रात्र झोप लागली नाही. दिंडीतल्या शिक्षकांना विचारलं, गावी आल्यावर कृषी विद्यापीठात शिकलेल्या पोरांना विचारलं, मिळेल ते वाचलं. त्यातलं जेवढं पक्कं समजलं तेवढंच आज सांगतो.

पाण्यातली घाण दोन जातींची असते. एक मरणारी, दुसरी न मरणारी. पटकी, हगवण, कावीळ यांचे जंतू ही मरणारी घाण. त्यासाठी आपल्याकडं टीसीएल पावडर आहे, उकळणं आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत पावडर टाकतो, ओटी टेस्ट घेतो, गावाला हिरवं, पिवळं नाहीतर लाल कार्ड मिळतं. हे काम मोलाचं आहे, त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण माणसानं कारखान्यात घडवलेली काही रसायनं अशी आहेत, की त्यांना टीसीएलनं काही होत नाही. उकळावं तर पाणी आटतं आणि ती आहे तेवढीच राहतात, म्हणजे उरलेल्या पाण्यात जरा दाटच होतात. आणि हिरवं कार्ड जंतूंचं नि स्वच्छतेचं आहे, त्यावर या रसायनांचा रकाना नाही.

यातली सगळ्यात चिवट जात म्हणजे पीफास. कार्बन आणि फ्लोरीन यांची अशी घट्ट गाठ, की ऊन, पाऊस, माती, जंतू, कुणालाच ती सहजी सुटत नाही. पाणी चिकटू नये, तेल चिकटू नये, डाग पडू नये, यासाठी ही रसायनं काढली. नॉनस्टिकच्या भांड्यांच्या कारखान्यात, डाग न धरणाऱ्या कापडात, खाण्याच्या कागदी वेष्टनात, आग विझवायच्या फेसात ती वापरली गेली. जगात त्यांना 'कायमची रसायनं' म्हणतात. अविनाशी हा शब्द आपण एकासाठीच राखून ठेवला होता. माणसानं तो विषाला लावायची वेळ आणली!

किती थोडं पुरतं, ते आपल्या मापात सांगतो. अमेरिकेच्या सरकारनं २०२४ साली पिण्याच्या पाण्यासाठी यातल्या दोन प्रमुख रसायनांची मर्यादा ठरवली: प्रत्येकी लिटरमागं ४ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. भंडारदरा काठोकाठ भरला की ११ टीएमसी पाणी. त्या अख्ख्या धरणात ही मर्यादा गाठायला किती रसायन लागेल? सव्वा किलो! एका प्रसादाच्या पिशवीएवढं. त्यातलं पीएफओए नावाचं रसायन माणसाला कर्करोग करणारं आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ साली जाहीर केलं. एकदा रक्तात गेलं की निम्मं बाहेर पडायलाही वर्षं लागतात.

आता एक गोष्ट लांबच्या देशातली, पण ती फिरून आपल्याच राज्यात येते. इटलीत विचेंझा नावाचा जिल्हा आहे. तिथल्या त्रिस्सिनो गावात मितेनी नावाचा कारखाना ही रसायनं करायचा. त्यांचं पाणी जमिनीत मुरत राहिलं. विहिरी, नळ, शेती, सगळं आलं त्यात. २०१३ साली ते उघडकीला आलं, तोवर सुमारे साडेतीन लाख लोकांचं पाणी बाधित झालं होतं. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की आपण सगळे हळहळतो, कारण फेस डोळ्यांना दिसतो. तिथं दिसत काहीच नव्हतं.

मग पोरांचं रक्त तपासलं आणि त्यात हे रसायन निघालं. तेव्हा कोण उठलं? आया उठल्या. घरकाम करणाऱ्या, नोकरी करणाऱ्या साध्या बायका. त्यांनी संघटना केली, पोरांच्या रक्तातले आकडे अंगातल्या सदऱ्यांवर लिहून त्या रस्त्यावर आल्या, कोर्टात उभ्या राहिल्या. २०१८ साली कारखान्याचं दिवाळं निघालं. २०२५ च्या जूनमध्ये विचेंझाच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी धरलं, सगळ्यांची मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. आपण एकमेकांना माउली म्हणतो ना? तिकडच्या माउल्यांनी ते करून दाखवलं.

आणि त्या कारखान्याची यंत्रं कुठं गेली? २०१९ साली लिलावात ती आपल्याकडच्या लक्ष्मी ऑर्गॅनिक या कंपनीच्या उपकंपनीनं घेतली आणि रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला आणली. २०२५ साली तिथं उत्पादन सुरू झाल्याच्या बातम्या आल्या. नीट ऐका हं, तिथलं पाणी बिघडलं असा ठपका आम्ही ठेवत नाही. यंत्राला पाप नसतं आणि कारखाना नियमानं चालूही शकतो. पण त्रिस्सिनोच्या लोकांना कळायला कित्येक वर्षं लागली. लोट्याच्या, चिपळूणच्या, दाभोळ खाडीच्या माणसानं आजच विचारलं, "आमचं पाणी तपासता का? आकडे दाखवता का?" तर त्यात वावगं काय? आपल्या पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, १०५००, त्यात कीटकनाशकांच्या मर्यादा आहेत. पीफासची नाही.

तुम्ही म्हणाल, लोटे सह्याद्रीच्या पलीकडं, तिथलं पाणी समुद्राला जातं, आपल्याला काय त्याचं? खरं आहे. म्हणून आता आपल्या बांधावर येऊ.

आपल्या जिल्ह्यात ऊस, मका, कांदा. उसात नि मक्यात तणनाशक म्हणून अॅट्राझीन मारतात. जर्मनीनं त्यावर १९९१ साली बंदी घातली, आणि बंदीनंतर कित्येक वर्षं ते त्यांच्या जमिनीखालच्या पाण्यात सापडत राहिलं. आपल्याकडं डीडीटी शेतात वापरायला १९८९ सालीच बंदी झाली. एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं. आधी वापरलं, मग माणसं भोगली, मग बंदी, असाच क्रम चालत आलाय. पंप विहिरीच्या काठावर कोण धुतं? आपणच. रिकामा डबा ओढ्यात कोण फेकतं? आपणच. आम्ही पिंपाचं पाणी ओतलं तसंच. कारखान्याकडं बोट दाखवताना तीन बोटं आपल्याकडं असतात.

आणि ते पाणी जातं कुठं? आपल्या दिंडीत प्रवराकाठची मंडळी आहेत. आपल्या नेवाशाजवळून, जिथं माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली त्या पैस खांबाच्या गावावरून, प्रवरा पुढं प्रवरासंगमला गोदावरीला मिळते आणि पाणी नाथसागरात जातं. म्हणजे नाथमहाराजांच्या पैठणला. दिंडीत पारनेर-श्रीगोंद्याचीही मंडळी आहेत. त्यांच्या ओढ्या-नाल्यांचं पाणी कुकडीत, घोडीत, तिथून भीमेत. भीमा उजनीत थांबते आणि पुढं पंढरपुरात तीच चंद्रभागा होते. आपण पायी चालत पंढरीला जातो, पण आपलं पाणी आपल्या आधी तिथं पोचलेलं असतं. ज्या वाळवंटात आपण स्नान करतो, तीर्थ म्हणून तोंडात घेतो, तिथं आपणच काय पाठवलंय, हा विचार आम्हाला त्या रात्रीपासून सोडत नाही.

उपाय काय? खरं सांगायचं तर एकदा मिसळलं की उपाय महाग आहे. कोळशाचे नि आरओचे फिल्टर ही रसायनं बरीचशी अडवतात, पण आरओचं उरलेलं पाणी पुन्हा गटारातच जातं. म्हणून मिसळूच न देणं हाच उपाय. त्यासाठी दिंडीच्या १०१व्या वर्षासाठी आम्ही चार गोष्टी मांडतो.

पहिली: दिंडीत आणि घरी, रसायनाचं जुनं पिंप पाण्याला किंवा धान्याला वापरायचं नाही. आम्ही स्टीलच्या टाक्या घेतल्या, वर्गणी तुम्हीच दिली.

दुसरी: फवारणीचा पंप आणि डबा तीनदा विसळायचा. विसळलेलं पाणी पंपातच ओतून शेतातच मारायचं. डब्याला भोक पाडायचं, म्हणजे कुणी पाणी भरणार नाही. विहीर, ओढा, हापसा यांच्याजवळ हे काम करायचं नाही.

तिसरी: वर्षात निदान चार ग्रामसभा होतात. त्यातल्या एकीत प्रत्येक वारकऱ्यानं उठून म्हणायचं, आमच्या उद्भवाचं पाणी कीटकनाशकांसाठीही प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि निकाल देवळाच्या फळ्यावर लावा. शेजारी एमआयडीसी असेल तर प्रदूषण मंडळाकडं लेखी विचारायचं. भांडण नको, कागद हवा. आपल्या हिवरे बाजारनं पाणी किती आहे याचा ताळेबंद गावात मांडायला शिकवलं. आता पाणी कसं आहे याचाही ताळेबंद मांडू.

चौथी: मुक्कामाच्या गावात जाताना विचारायचं, "पाणी कुठलं?" आणि निघताना त्या गावाच्या ओढ्यात आपलं काही ठेवून यायचं नाही.

माउली, वारीत तहानलेल्याला पाणी देणं याच्याएवढी सेवा नाही. हंडा घेऊन चालणारी बाई पुढच्याची जात विचारत नाही, गाव विचारत नाही. पण पाणी देणाऱ्यानं आपल्या हंड्यात काय आहे हे जाणलं पाहिजे, हे त्या वृद्ध माउलींनी आम्हाला एका ओंजळीत शिकवलं. यंदाही त्या चालणार आहेत. त्यांचा हंडा आम्ही भरून देणार आहोत. कुठून भरला ते त्यांनी विचारलं, तर आम्हाला खाली मान घालावी लागू नये, एवढंच मागणं विठुरायाकडं आणि तुमच्याकडं.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! निवृत्तिनाथ महाराज की जय!