ध्रुवाचा बर्फ आणि वर्गातील दोन डबे



पवनीच्या मुलास बर्फ ठाऊक असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. उत्तर ध्रुवाकडील बर्फ वितळला, तर त्याचे मुलास काय? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भीती घालून नव्हे, तर कारण दाखवून द्यावयाचे आहे.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधनस्थान आहे. १९७९ पासून उत्तर ध्रुवप्रदेश जगाच्या सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने तापला आहे. शुभ्र बर्फ ऊन परतवितो. तो वितळला की काळसर समुद्र तेच ऊन शोषतो आणि आणखी बर्फ वितळतो.

पत्र्याचे दोन सारखे डबे घ्यावेत. एकास बाहेरून चुना, दुसऱ्यास काजळी फासावी. सारखे पाणी भरून उन्हात ठेवावेत. तासाभराने मुलांनी बोट बुडवून पाहावे.

या तापाचे मूळ कोळसा व तेल जाळल्याने वाढलेल्या कार्बन डायॉक्साइडमध्ये आहे. तापलेली हवा अधिक बाष्प धरते व पाऊस एकाएकी कोसळतो. वैनगंगेकाठच्या धानास तर संथ पाऊस हवा.

आपली बरीचशी वीज कोळशापासूनच होते. म्हणून वर्ग सोडताना पंखा बंद करावा, जवळच्या कामास सायकलने जावे. एका शाळेने ध्रुव गोठणार नाही, हे मुलांस प्रामाणिकपणे सांगावे. परंतु कारण उमजून लागलेली सवय घरी पोहोचते, आणि उद्या हीच मुले ग्रामसभेत बसणार आहेत.