नव्या माणसाची नजर
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



जुनी मुले भेटायला आली की नोकरीच्या गोष्टी निघतातच, आणि त्यांत एक प्रश्न हमखास असतो : "बाई, नव्या ठिकाणी रुजू झालो आहे. कामाच्या पद्धतीत काही बदलायला हवे असे दिसते. बोलू का?" घरची वडीलधारी मंडळी सांगतात, प्रोबेशन संपेपर्यंत गप्प राहा. सल्ला काळजीपोटी दिलेला असतो. पण मला तो पटत नाही. वर्षभरात डोळ्यांना सवय होते. पहिल्या आठवड्यात जे खटकले, ते बाराव्या महिन्यात दिसेनासे होते. म्हणून खटकेल ते पहिल्याच महिन्यात वहीत टिपून ठेवावे. बोलण्याची घाई मात्र नको.

व्हिएन्नाच्या रुग्णालयातील सेमेलवाइस या तरुण डॉक्टरची कथा आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. 1846 साली तो तेथील प्रसूती विभागात साहाय्यक म्हणून रुजू झाला. ज्या कक्षात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, तेथे बाळंतिणी सुइणींच्या कक्षापेक्षा कितीतरी अधिक मरत. शवविच्छेदन करून आलेले हातच मृत्यू घेऊन येतात, हे त्याने ओळखले आणि मे 1847 मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. एप्रिलमध्ये शंभरांत सुमारे अठरा असलेले मृत्यू पुढील काही महिन्यांत दोनच्या आसपास आले. तरीही 1849 मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. आपल्याच हातांनी रुग्ण दगावले, हे ऐकणे ज्येष्ठांना जड गेले, यात नवल नाही. पण त्यानेही आपले म्हणणे सविस्तर ग्रंथरूपाने मांडले ते थेट 1861 मध्ये, आणि त्यानंतर विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हटले. सत्य त्याच्या बाजूला होते, आकडे होते. माणसे मात्र नव्हती. त्याची किंमत त्याच्यापेक्षा त्या बाळंतिणींनी अधिक मोजली.

आता आपल्या इंदुरातली, याच शाळेतली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एक तरुण शिक्षिका प्राथमिक विभागात आल्या. वर्गात मराठीच बोलायचे, हा आपला पहिल्या दिवसापासूनचा दंडक. बाईंच्या लक्षात आले, की आकड्यांत मांडलेली वजाबाकी सहज करणारी मुले शाब्दिक उदाहरणात अडतात. 'उरले' आणि 'शिल्लक' हे शब्दच त्यांच्या घरात आता नाहीत. तेथे 'बचे' आहे. गणित येत असून मूल नापास होत होते. गणित शिकवताना हिंदी वापरू द्यावी, असे त्यांच्या मनात आले.

त्यांनी ते लगेच सभेत मांडले नाही. आधी विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंना विचारले, "हा नियम कशासाठी झाला?" उत्तर मिळाले : हिंदी एकदा वर्गात शिरली, तर ही शाळा नावापुरतीच मराठी उरेल, ही संस्थापकांची भीती होती. ती भीती खोटी नव्हती. याच शहरात वाढलेल्या आपल्याला ते वेगळे सांगायला नको. कारण कळले आणि बाईंची सूचनाच बदलली. शिकवणे मराठीतच, फक्त अडणाऱ्या शब्दाशेजारी हिंदी शब्द लिहायचा, आणि तोही दिवाळीपर्यंत. एवढे आपल्या एकाच वर्गात करून पाहण्याची परवानगी त्यांनी माझ्याकडे मागितली. सोबत वही होती. प्रत्येक मुलाच्या नावापुढे आकड्यांतले आणि शब्दांतले उदाहरण, बरोबर की चूक, अशा खुणा. त्या वहीला नाही म्हणणे मला शक्य नव्हते.

मुलांनो, मुद्दा एवढाच आहे. जुन्या पद्धतीमागचे कारण विचारणे हा निव्वळ शिष्टाचार नाही. त्याने आपली सूचना अधिक शहाणी होते. कधी कधी कारण कधीच संपलेले असते आणि नियम तेवढा उरलेला असतो. मग तसे बेधडक सांगावे, पण साहेबांना चारचौघांत नव्हे.

आणि येथे बसलेले जे पालक कुठे ना कुठे अधिकारी आहेत, त्यांनाही एक विनंती. "आमच्याकडे असेच चालते" हे उत्तर नव्या माणसाला देऊ नका. कारण ठाऊक असेल तर ते सांगा; नसेल तर त्याच्याबरोबर शोधा.

त्या बाईंचा शब्दतक्ता आता तिसरीच्या सर्व तुकड्यांत लागतो. दिवाळीची सुटी लागली की तो उतरवला जातो. त्यावरचे अक्षर मात्र त्या ज्येष्ठ बाईंचे आहे. निवृत्तीपूर्वी त्यांनी तो स्वतःहून लिहून दिला.